खंडूमामाच्या हाताची रेघ

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टचे विषय खातू सर ठरवतात, असं कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात ते खंडूमामा ठरवायचा. खंडूमामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. मिरकरवाड्यात राहायचा, सकाळी बंदरावरून येताना जे काही मिळेल ते पिशवीत घालून आणायचा, आणि त्यावर आमचं शास्त्र चालायचं. खेकडे, म्हणजे आमच्या कुर्ल्या, भरपूर मिळाल्या की त्या वर्षी पाच जणांचा विषय कुर्लीची पचनसंस्था. मुशीची, त्या लहान शार्कची, पिल्लं आली की मुशीचे कल्ले. सर खाली सही करायचे. हे मी सरांच्या तोंडावर बोलून दाखवलं होतं, कारण माझी जीभ तेव्हाही माझ्या ताब्यात नव्हती आणि आता साठी उलटली तरी आलेली नाही.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची. मी राही, पोफळीच्या कॉलनीतली. वडील कोयनेच्या वीजघरात ऑपरेटर. डोंगराच्या पोटात उतरून आठ-आठ तास टर्बाइनच्या बाजूला बसायचे आणि वर आल्यावर हळू बोललं तर त्यांना ऐकू यायचं नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी रत्नागिरीत होस्टेलवर होते. कधीतरी एका मासिकात वाचलं होतं की माणसाच्या मेंदूत आणि नसांतून वीज खेळते. आमच्या घरात वीज बनवणारा माणूस, त्यामुळे मला ती घरचीच बाब वाटली. दिवाळीनंतर सरांनी विषयांची यादी फळ्यावर लिहिली तेव्हा मी उभी राहून सांगितलं की मला कुर्ली नको, मला मेंदूवर आणि मज्जातंतूंवर काम करायचंय. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, कोणाच्या मेंदूवर, तुझा तर अजून यायचाय. सगळा वर्ग हसला. मी पण हसले, पण बसले नाही.

शेवटी सरांनी तडजोड काढली. आमच्याकडे मेंदू मोजायचं यंत्र कुठलं असायला? होता तो एक जुना, चावीवर चालणारा कायमोग्राफ. पितळेचा ढोल, त्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळायचा, चावी दिली की ढोल सावकाश फिरतो. समोर एक बारीक काडी, तिचं टोक काजळीला टेकलेलं. काडीला बेडकाच्या पायाचा स्नायू बांधायचा आणि त्याच्या नसेला विजेचा हलका झटका द्यायचा. स्नायू आखडला की काडी उडते आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ वर जाते. पुन्हा पुन्हा झटके दिले तर नस आधी थकते की स्नायू, हा माझा विषय ठरला. सरांच्या मते यात मज्जातंतू होता, म्हणजे माझा हट्ट पुरा झाला. बेडूक खंडूमामाच्या टाकीत होतेच, म्हणजे खरा निर्णयही झाला.

खंडूमामा तेव्हा बावन्न वर्षांचा. हाडकुळा, खाकी अर्धा सदरा, गळ्यात काळा दोरा, आणि सदोदित काहीतरी पुटपुटणारा. बेडूक मारायची वेळ आली की त्याला तळहातावर घेऊन सांगायचा, जा बाबा, पुढल्या जन्मी प्रोफेसर हो आणि आमाला ह्याच टाकीत टाक. पण काजळी धरावी ती त्यानेच. रॉकेलच्या चिमणीवर तो कागद असा फिरवायचा की सगळीकडे सारखा, मखमलीसारखा काळा थर. आम्ही धरली की अर्धा कागद पिवळा आणि अर्धा जळका. रेघ उमटली की कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवून वाळत घालायचा, म्हणजे काजळी पुसत नाही. हे काम पण त्याचंच. पंचवीस वर्षं हेच केल्याने त्याच्या सदऱ्याला, हातांना, डब्यातल्या भाकरीलासुद्धा स्पिरिटचा वास यायचा.

हा वास लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या वासावरून झालं.

गळ्यातल्या दोऱ्याची हकिकत त्यानेच सांगितली होती. त्याचा बाप शिवा, मिरकरवाड्यातला जाळी विणणारा. हातात कसब होतं, पण सकाळी डोळे उघडले की आधी माडी, तीच ती माडाची दारू, मग जाळ्याची सुई. माडी न घेता सुई हातात धरत नसे. घर बुडालं, आई खंगून गेली, वाडीत शिवाचं नाव म्हणजे शिवी झाली. शिवा गेला तेव्हा त्याच्या तेराव्याला खंडूमामाने वाडीच्या देवळात सगळ्यांसमोर नारळ ठेवला आणि शपथ घेतली की बापासारखा होणार नाही, थेंबाला शिवणार नाही. त्या शपथेची खूण तो काळा दोरा. देवासमोर चारचौघांत घेतलेली शपथ आमच्याकडे चेष्टेवारी नेत नाहीत. मोडली तर देवळाच्या कामातून माणूस बाद. खंडूमामाला देवळाच्या कामातलं एकच हवं असायचं, शिमग्याला पालखीचा खांदा. चोवीस वर्षं त्याने तो दिला होता. शिमग्याच्या आधी महिनाभर तो डाव्या खांद्यावर पाण्याची घागर घेऊन जिने चढायचा, सवय राहावी म्हणून, आणि प्राचार्यांना वाटायचं कामसू माणूस आहे.

तर जानेवारीत माझा प्रयोग सुरू झाला आणि चौथ्याच दिवशी मी शोध लावला. दोन झटक्यांच्या मध्ये रेघ सपाट जायला हवी. माझी जात नव्हती. तिच्यावर बारीक, नेटक्या लाटा होत्या, एकीसारखी दुसरी. ट्यूनिंग फोर्कने वेळेच्या खुणा काढून मोजलं तर सेकंदाला सहा. दुसऱ्या बेडकाला सहा, तिसऱ्यालाही सहा. बेडकाच्या नसेला स्वतःचा ताल असतो आणि तो पोफळीच्या राहीने शोधलाय, हे वडिलांना पत्राने कळवून मी मोकळी झाले. सरांनी भिंग लावून कागद पाहिला. ते पण हुरळले, बरं का. पुण्याच्या कोणा मित्राला लिहितो म्हणाले. दोन दिवस मी होस्टेलमध्ये कोणाशी नीट बोलत नव्हते, इतकी मोठी झाले होते.

तिसऱ्या दिवशी गडबडीत मी काडीला स्नायू बांधायलाच विसरले. ढोल फिरला आणि लाटा उमटायला लागल्या, सेकंदाला सहा. बेडूक अजून टाकीत पोहत होता. मी खाली बघितलं, वर बघितलं. स्टँडचा स्क्रू ढिला होता म्हणून खंडूमामा रोजच्यासारखा दोन बोटांनी तो धरून उभा होता. मी त्याला चहा आणायला पाठवलं. रेघ सपाट झाली. तो परत आला, त्याने स्टँड धरला, लाटा सुरू. माझा शोध तिथेच बुडाला. खरं सांगते, मला रडू यायचं ते हसूच आलं, आणि हसता हसता मी म्हटलं, मामा, हात बघू तुमचे.

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. लहान पोरासारखा तोंड फिरवून उभा राहिला. मग सांगायला लागला. हात मांडीवर ठेवले की शांत असतात, कप उचलला की, सुई धरली की, चावी कुलपात घालायची झाली की थरथरतात. कोणी बघत असलं की जास्तच. चाळिशीपासून हे चाललंय आणि दर वर्षाला वाढतंय. बापाचे पण असेच थरथरायचे. मग खाली बघून म्हणाला, "बापाची दारू माज्या हातात उतरली हाय गो बाय. मी नाय प्यालो तरी ती सोडत नाय."

मी त्याला म्हटलं, मामा, मला हाच विषय द्या, बेडूक राहू दे. त्याने हात जोडले. कोणाला सांगू नको म्हणाला. सांगितलं तर लोक एकच अर्थ काढतील. मी कबूल केलं आणि पुन्हा बेडकाकडे वळले, मनातून चरफडत. वडिलांना कळवलं की तो ताल बेडकाचा नव्हता, आमच्या शिपायाच्या हाताचा होता. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. टर्बाइन थरथरायला लागला की आम्ही आधी बेअरिंग बघतो, ऑपरेटरला शिव्या मागाहून देतो, एवढंच त्यात कामाचं. बाकी तब्येत आणि तांदूळ.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं. कसल्याशा तपासणीला बाहेरून साहेब आले होते. सरांनी खंडूमामाला काचेच्या बरणीतलं मुशीचं पिल्लू आणायला सांगितलं. सगळे बघतायत म्हटल्यावर त्याचे हात असे थरथरले की बरणी साहेबांच्या बुटांवर फुटली. बरणीत स्पिरिट, सदऱ्याला स्पिरिटचा वास, हात थरथरणारे. साहेब नाक मुरडून काहीतरी इंग्रजीत बोलले. सरांनी खंडूमामाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, शिमग्याच्या सुट्टीनंतर तू प्रयोगशाळेत नको, फाटकावर बस. कपाटातलं स्पिरिट पितोस हे मला आधीच कळायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. इथे तर चोरीच झाली नव्हती.

संध्याकाळपर्यंत बातमी मिरकरवाड्यात. वाडीचा म्होरक्या गंगाराम, देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. माणूस वाईट नव्हे, पण नियमाचा कडक. त्याने निरोप पाठवला की शपथ मोडलेल्याचा खांदा पालखीला लागणार नाही. यंदा तर नाहीच, पुढेही नाही. दुसऱ्या दिवशी खंडूमामा कामावर आला, काजळी धरली, एक अक्षर बोलला नाही. बेडकांशी पण नाही. फाटकावर बसायचं त्याला काही वाटत नव्हतं. पण आपला शब्द खोटा ठरला, देवापाशी दिलेला, हे त्याला जिवंतपणी मेल्यासारखं झालं होतं. मला बघवेना. दुपारी तो आपण होऊन जवळ आला आणि म्हणाला, लिव्ह काय लिव्हायचं ते, आता लपवून काय उपेग.

मी लायब्ररीत जाऊन ठाण मांडलं. वैद्यकाचं एक जाडजूड पुस्तक कोणीतरी देणगी दिलेलं होतं, कोणी उघडलेलं नव्हतं, पानं चिकटलेली. त्यात मज्जासंस्थेच्या प्रकरणात अर्धं पान सापडलं. हातांचा एक कंप असतो, तो घराण्यात चालतो. हात स्वस्थ असताना दिसत नाही, काम करताना दिसतो, ताण आला की वाढतो. मेंदूतून येतो, माणसाचा त्यात काही दोष नाही. आणि खाली एक ओळ, जी मी तीनदा वाचली. थोडी दारू घेतली तर हा कंप काही वेळ कमी होतो.

समजलं का तुम्हाला? मला आधी समजलं नाही. मग समजलं तेव्हा मी पुस्तक घेऊन धावत सुटले, लायब्ररीयन मागून ओरडतोय. खंडूमामाचा हात थरथरत होता याचा अर्थ तो प्यालेला नव्हता. प्याला असता तर हात थांबला असता.

सर उचलली जीभ लावली टाळ्याला अशातले नव्हते, हे मान्य करायला हवं. त्यांनी अर्धं पान शांतपणे वाचलं. मी म्हटलं, हाच माझा विषय. ते म्हणाले, हे प्राणिशास्त्र आहे, माणूस अभ्यासक्रमात नाही. मी विचारलं, माणूस प्राणी नाही का सर. त्यावर ते जरा हसले. पण पुढे जे बोलले ते शास्त्राला धरूनच होतं. पुस्तकातला कोणी माणूस म्हणजे आपला खंडू नव्हे. दारुड्याचे हातही दारू उतरल्यावर थरथरतात. खंडूला तो कंप आहे असं तुझं म्हणणं असेल तर दाखव. त्याला थोडी पाज, आधीची रेघ काढ, नंतरची काढ. लाट खाली आली तर मी माझा शब्द मागे घेईन, प्राचार्यांसमोर.

खंडूमामा दारातच उभा होता. त्याने ऐकलं आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, शपथ मोडली नाय ह्ये दाखवायला शपथ मोडू काय?"

सरांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

विषय बदलून कागदावर लिहून द्यायला आठ दिवस उरले होते. मी शेवटचा उपाय म्हणून त्याच्या बहिणीकडे गेले, हिराक्काकडे. ती खंडूमामाहून चार वर्षांनी मोठी, विधवा, डोक्यावर पाटी घेऊन वरच्या आळीत मासे विकायची. तोंडाची अशी तिखट की गिऱ्हाईक भाव करायला धजायचं नाही. मला वाटलं, भावाला ती समजावेल, देवाकडे कौल लावून शपथेतून एक दिवस मोकळीक मागेल. तिने मला ओट्यावर बसवलं आणि चहा आणला. कप आणि बशी एकमेकांवर वाजत आली, किणकिणकिण, आतून बाहेरपर्यंत. अर्धा चहा बशीत.

मी चहा घेतलाच नाही. तिच्या हाताकडेच बघत राहिले. कधीपासून, विचारलं. ती म्हणाली, झाली की पंधरा वर्षं, वय झालं आता. वय झालं म्हणे. माझं टाळकंच फिरलं. अख्ख्या वाडीने पाहिलेला हात, अख्ख्या आळीने पाहिलेला. भावाचा थरथरला तर दारू आणि बहिणीचा थरथरला तर वय. एकाच्याही डोक्यात आलं नाही की दोन्ही हात एकाच आईबापाचे आहेत. मी तिला विचारलं, अक्का, तुम्ही कधी घेतलीत का हो. तिने असं बघितलं की मला वाटलं आता बशी डोक्यात बसते. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं, पुस्तकातली ओळ, सरांची अट, खंडूमामाचं उत्तर.

तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "शपथ खंडूची. माजी नाय. मी पितंय."

मी म्हटलं, अक्का, विचार करा, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक माझे मासे घेतात, माझी अब्रू घेत नाहीत. आणि प्यायची तर गंगारामसमोरच, त्याच्याच माडाची.

कॉलेजात माडी आणायला सरांनी साफ नकार दिला, म्हणून कॉलेजच मिरकरवाड्यात गेलं. शनिवारी दुपारी मासे वाहायच्या हातगाडीवर गोणपाटात गुंडाळून कायमोग्राफ निघाला. एका बाजूला खंडूमामा, एका बाजूला मी, मागून लुनावर सर. हिराक्काच्या घरापुढच्या खळ्यात टेबल मांडलं. खंडूमामाने तिथेच चिमणी पेटवून काजळी धरली. अर्धी वाडी जमली. गंगाराम बाकड्यावर येऊन बसला, बरोबर तांब्याभर माडी, सकाळची उतरवलेली आणि दुपारपर्यंत चांगली आंबलेली. त्याला अजून वाटत होतं की ही सगळी शिकलेल्यांची नाटकं.

आधी खंडूमामाची रेघ काढली. हात पुढे धरायचा, आधाराशिवाय, बोटाला दोरा, दोरा काडीला. सहा लाटा. मग हिराक्काची. बोट बांधताना ती म्हणाली, माझी काय कुर्ली झाली गो. तिच्याही सहा लाटा, खंडूमामापेक्षा थोड्या मोठ्याच. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर नावं लिहिल्याशिवाय कोणाचा कोणता सांगता येईना. सरांनी भिंग काढलं. मग माझी रेघ, सरांची, गंगारामची. तिन्ही जवळजवळ सपाट. गंगाराम जरा पुढे सरकून बसला.

मग हिराक्काने पेला उचलला. दोन्ही हातांनी धरला तरी थोडी सांडलीच. एका दमात अर्धा संपवला आणि तोंड इतकं वाकडं केलं की पोरं फिदीफिदी हसली. ह्याच्यापायी बाबानं घर बुडवलं काय, असं म्हणून तिने उरलेला अर्धाही घेतला, वर आणखी एक पेला. आम्ही वीस मिनिटं थांबलो. तेवढ्यात अक्काची जीभ सुटली. सरांच्या बायकोला पापलेटातलं काही कळत नाही आणि दहा वर्षं आपण तिला शिळं कधी दिलं नाही हे केवळ आपले संस्कार, असं तिने सरांना सुनावलं. सरांनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

वीस मिनिटांनी पुन्हा बोट बांधलं. खंडूमामाने नवा कागद चढवला. मी चावी दिली. माझं काळीज तेव्हा इतकं धडधडत होतं की रेघ माझी काढली असती तर भलतंच काही उमटलं असतं. काडी काजळीला टेकली आणि ढोल फिरायला लागला. पहिल्यांदा लाट दिसली, पण बुटकी. नंतर आणखी बुटकी. ढोल अर्धा फिरेपर्यंत रेघ जवळजवळ सपाट झाली, आमच्यासारखी. हिराक्का स्वतःच्या हाताकडे बघत होती, उलटा करून, सुलटा करून. सर खंडूमामाकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की माझं चुकलं, सोमवारी प्राचार्यांना मी स्वतः सांगतो. शिकलेला माणूस चूक कबूल करतो तेव्हा मला फार बरं वाटतं, कारण ते फार वेळा बघायला मिळत नाही.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं. मी कागद सोडवायला लागले. तेवढ्यात हिराक्का उठली, ओट्यावर अर्धवट विणलेलं जाळं पडलं होतं ते तिने ओढलं. सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. पंधरा वर्षांत तिने सुई हातात घेतली नव्हती. जाळ्याचा एक डोळा विणला, दुसरा विणला, सात-आठ विणले, सगळे एका मापाचे. मग सुई मांडीवर ठेवून ती भावाला म्हणाली, "खंडू, बाबा सुई धरायच्या आधी पियाचा. आठवतंय? आदी माडी, मग सुई. तो दारूसाठी पीत नव्हता रे. आपल्या पोटासाठी पीत होता."

खंडूमामा हातातला कागद तसाच धरून उभा होता. काजळीत त्याची बोटं उमटली. मग खाली बसला आणि दोन्ही हात डोक्याला लावून रडला. पंचवीस वर्षं बापाला शिव्या देत आलो म्हणाला, बापाच्या नावाचा विटाळ मानला. बाप नंतर नंतर सवयीने पीत असेलही, कोणास ठाऊक. घर बुडालं हेही खरं. पण सुरुवात कुठून झाली ते त्या खळ्यात सगळ्यांना दिसत होतं. मी सरळ रडत होते, मला लाज नाही. गंगाराम उठला, तांब्यातली उरलेली माडी माडाच्या बुंध्याशी ओतली आणि निघून गेला.

सोमवारी सरांनी माझ्या प्रोजेक्टचा विषय स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, घराण्यात चालणाऱ्या हाताच्या कंपाची कायमोग्राफवरील नोंद. खंडूमामाने नाव घालायला परवानगी दिली, उलट घालाच म्हणाला, आणि बापाचंही घाला. त्याची फाटकावरची बदली रद्द झाली. तोंडी परीक्षेला मुंबईहून आलेल्या बाईंनी इतर काही विचारलंच नाही, हिराक्काबद्दलच विचारत बसल्या. बेडकांनी त्या वर्षी माझे उपकार मानले असणार.

पालखीचं मात्र शिमग्यापर्यंत कळलं नाही. गंगारामकडून हो नाही, नाही नाही. खंडूमामाचे घागरीचे जिने चालू होते. मी खास थांबले, होस्टेल रिकामं झालं तरी. त्या दिवशी सकाळी देवळासमोर पालखी सजली आणि खंडूमामा लोकांच्या मागे, पार कुंपणाला टेकून उभा राहिला. कोणी हाक मारली नाही तर आपण होऊन पुढे जायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. गंगारामने नारळ हातात घेतला, त्याला नजरेने शोधलं आणि पुढच्या दांड्याकडे बोट दाखवलं. खंडूमामा गर्दीतून वाट काढत आला आणि दांड्याखाली खांदा दिला.

मग गाऱ्हाणं सुरू झालं. पावसाचं, मासळीचं, दर्यावर गेलेल्यांचं, मुंबईला असलेल्यांचं. दर वाक्याला सगळी वाडी म्हणत होती, व्हय म्हाराजा. ते नेहमीचं सगळं संपलं आणि गंगाराम थांबला. एकदा खाकरला. म्हणाला, "बा म्हाराजा, ह्या खंडूचा बाप शिवा. त्याला आमी वाडीनं दारुडा म्हटला, पंगतीत घेतला नाय. त्याच्या हातात दुखणं हुतं ते आमाला समाजला नाय. तो आता तुज्यापाशी हाय. आमची चूक पोटात घाल आणि त्याला सांग."

खंडूमामाच्या खांद्यावर दांडा आणि दोन्ही गालांवरून पाणी, पुसायला हात मोकळा नाही. मग बायकांच्या घोळक्यातून हिराक्का एकटीच ओरडली, "व्हय म्हाराजा," आणि तिच्यामागून सगळी वाडी.